स्टील प्लांटमध्ये सीओटू पकडायचाय? मग आधी गॅसचा हिशेब मांडा

नाइट शिफ्टला एनर्जी सेंटरच्या खिडकीतून फ्लेअर स्टॅक (जास्तीचा गॅस जाळून टाकायची चिमणी) दिसायचा. बीएफ गॅसची, म्हणजे ब्लास्ट फर्नेसमधून निघणाऱ्या गॅसची, ज्योत फिकट असते, दिवसा धड दिसत पण नाही, पण रात्री पॉवर प्लांटचा एखादा बॉयलर ट्रिप झाला की ती भसकन वर यायची आणि समोरच्या स्क्रीनवर फ्लेअरचा आकडा ताशी १०,००० घनमीटरच्या पुढे जायचा. मला तेव्हापासून ती ज्योत बघवत नाही. कारण हिशेब साधा आहे, बीएफ गॅसमध्ये घनमीटरला ३.३ मेगाज्यूलच्या आसपास उष्णता असते, म्हणजे ताशी १०,००० घनमीटर फ्लेअर म्हणजे ९ मेगावॉट उष्णता, त्यातून ३ मेगावॉट वीज आरामात निघाली असती. ती निघाली नाही म्हणून तेवढी वीज ग्रिडवरून घ्यायची, आपल्याकडे ग्रिडची वीज युनिटला साधारण ०.७ किलो सीओटू घेऊन येते, म्हणजे दर तासाला २ टनांहून जास्त सीओटू फुकटचा वाढला.

हे आधी सांगतोय कारण आता स्टीलमध्ये कार्बन कॅप्चरची चर्चा जोरात आहे, नवीन पोरं विचारतात की सर, अमाइनचा (सीओटू शोषून घेणाऱ्या रसायनाचा) प्लांट बसवला की झालं ना? नाही झालं. कॅप्चर ही नंतरची पायरी आहे, त्याच्या आधी तीन-चार कामं आहेत आणि ती केली नाहीत तर एका हाताने पकडायचं आणि दुसऱ्या हाताने सोडायचं असा प्रकार होतो. म्हणून सगळं क्रमाने लिहितो. उदाहरणाला वर्षाला १० लाख टन हॉट मेटल (फर्नेसमधून निघणारं वितळलेलं लोखंड) काढणारा प्लांट घेतलाय, स्वतःचा कोक ओव्हन (कोळसा भाजून कोक करायची भट्टी) आहे असं धरून. घनमीटर म्हणजे सगळीकडे नॉर्मल घनमीटर.

पायरी १: कार्बन कुठून आला, कुठे गेला

एक टन हॉट मेटलचा हिशेब कागदावर मांडा. समजा ३७० किलो कोक जातो, त्यात ८६ टक्के कार्बन, म्हणजे ३१८ किलो. वर १५० किलो पीसीआयचा, म्हणजे भुकटी करून फर्नेसमध्ये फुंकायचा, कोळसा, त्यात ७८ टक्के धरा, म्हणजे ११७ किलो. एकूण ४३५. यातला ४५ किलो हॉट मेटलमध्येच विरघळून पुढे जातो, उरला ३९० किलो. हा सगळा फर्नेसच्या डोक्यातून गॅस होऊन बाहेर पडतो.

आता गॅसच्या बाजूने बघा. एका टनामागे साधारण १६०० घनमीटर बीएफ गॅस निघतो. त्यात सीओटू २२ टक्के, सीओ म्हणजे कार्बन मोनॉक्साइड २३ टक्के, हायड्रोजन ३-४ टक्के आणि बाकी नायट्रोजन. सीओटू आणि सीओ या दोन्हींमधला कार्बन काढला तर ३८६ किलो येतो. ३९० आणि ३८६, जुळलं. तुमच्या प्लांटचे आकडे वेगळे असतील, पण दोन्ही बाजू पाच टक्क्यांच्या आत जुळल्याशिवाय पुढे जाऊ नका, जुळत नसेल तर बहुतेक वेळा गॅसचा फ्लो मीटर चुकीचा असतो नाहीतर अॅनालायझर कॅलिब्रेट केलेला नसतो, आणि अशा आकड्यांवर कोट्यवधींचा प्लांट डिझाइन करणं म्हणजे अंधारात उडी मारणं.

या हिशेबातून सगळ्यात महत्त्वाची गोष्ट कळते, ती नीट वाचा. १६०० घनमीटरातला २२ टक्के सीओटू म्हणजे ३५२ घनमीटर, वजनात ६९० किलो. हा आत्ता लगेच पकडता येतो. पण २३ टक्के सीओ जो आहे तो इंधन म्हणून स्टोव्हमध्ये (फर्नेसची हवा तापवणाऱ्या भट्टीत), बॉयलरमध्ये जळणार आणि जळल्यावर त्याचा आणखी ७२० किलो सीओटू होणार. म्हणजे बीएफ गॅसमधून सीओटू अगदी शंभर टक्के काढला तरी काम निम्मंच झालं, बाकीचा निम्मा दुसऱ्या चिमणीतून बाहेर पडतो. ‘बीएफ गॅसमधून ९० टक्के कॅप्चर’ असं कोणी सांगितलं की लगेच विचारा, सीओचं काय?

पायरी २: आहे ती ऊर्जा आधी उचला

स्टील प्लांटमध्ये तीन गॅस असतात, तिघांचे स्वभाव वेगळे. कोक ओव्हन गॅस सगळ्यात श्रीमंत, घनमीटरला ४२०० किलोकॅलरीच्या आसपास, निम्म्याहून जास्त हायड्रोजन. एलडी गॅस, म्हणजे लोखंडाचं स्टील करणाऱ्या कन्व्हर्टरमधून निघणारा, मधला, १८०० ते २०००, त्यात सीओच ६०-७० टक्के. बीएफ गॅस गरीब, ७८० वगैरे, पण सगळ्यात जास्त तोच असतो.

एलडी गॅसची गंमत अशी की तो सलग येत नाही. कन्व्हर्टरमध्ये ऑक्सिजनचा ब्लो साधारण १६-१८ मिनिटं चालतो, सुरुवातीला आणि शेवटी गॅसमध्ये सीओ कमी आणि ऑक्सिजन जास्त असतो, तो होल्डरमध्ये (गॅस साठवायच्या टाकीत) घेतला तर स्फोटाचा धोका, म्हणून फक्त मधला भाग गोळा करायचा. अॅनालायझर हळू असेल तर ऑपरेटर सेफ साइडला राहतो, उशिरा उघडतो आणि लवकर बंद करतो. त्याचं बरोबरच आहे. पण फास्ट अॅनालायझर लावला तर त्याच ब्लोमध्ये दोन-तीन मिनिटं जास्त मिळतात. एक टन स्टीलमागे ८० ते १०० घनमीटर एलडी गॅस मिळाला पाहिजे, तुमच्याकडे ५० मिळत असेल तर कार्बन कॅप्चरची मीटिंग नंतर घ्या, आधी हे बघा.

मग टीआरटी, म्हणजे फर्नेसच्या गॅसच्या प्रेशरवर फिरणारं टर्बाइन. फर्नेसच्या माथ्यावर दोन-अडीच बारचं प्रेशर असतं आणि नेटवर्कला ते अगदी थोडंच लागतं, मधलं सगळं प्रेशर सेप्टम व्हॉल्व्हमध्ये आवाज करत वाया जातं. तिथे टर्बाइन बसवलं की टनाला ३० युनिट तरी वीज मिळते, आपल्या उदाहरणात वर्षाला ३ कोटी युनिट, एक ग्रॅम जास्तीचा कोळसा न जाळता. गॅस जळत नाही, फक्त प्रेशर वापरलं जातं, पुढे तोच गॅस बॉयलरला जातो. खऱ्या अर्थाने स्वच्छ वीज कोणती असं मला विचाराल तर मी टीआरटीकडे बोट दाखवीन.

तिसरं म्हणजे सीडीक्यू, कोक ड्राय क्वेंचिंग. ओव्हनमधून कोक १००० अंशाला लालबुंद बाहेर येतो. जुन्या पद्धतीत त्यावर पाणी मारतात, पांढऱ्या वाफेचा प्रचंड ढग उठतो आणि ती सगळी उष्णता आकाशात जाते. सीडीक्यूमध्ये तोच कोक बंद चेंबरमध्ये नायट्रोजन फिरवून २०० अंशापर्यंत थंड करतात आणि त्या गरम नायट्रोजनवर बॉयलर चालतो. एक टन कोकमागे अर्धा टन हाय प्रेशर स्टीम. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे कॅप्चरला हीच स्टीम लागणार आहे.

पायरी ३: पकडायचं कुठे

नियम एकच, सीओटू जिथे जास्त दाट आणि जिथे प्रेशर जास्त तिथे पकडणं स्वस्त.

सगळ्यात सोपी जागा म्हणजे गॅसवर चालणारा स्पंज आयर्न प्लांट, जिथे खनिज न वितळवताच लोखंड करतात. रायगड जिल्ह्यात रेवदंड्याजवळ साळावचा प्लांट आहे, पूर्वीचा विक्रम इस्पात, आता जेएसडब्ल्यूकडे. तिथली प्रोसेस अशी की शाफ्टमधून (उभ्या भट्टीतून) वर आलेला गॅस परत वापरायचा असतो, त्यासाठी त्यातला सीओटू काढावाच लागतो, नाहीतर गॅस खनिजाला रिड्यूस करूच, म्हणजे त्यातला ऑक्सिजन काढूच, शकत नाही. म्हणजे पर्यावरणाचा विषय निघायच्या कितीतरी आधीपासून सीओटू वेगळा करणं हा त्या प्रोसेसचाच भाग आहे, शुद्ध सीओटू आयताच हातात येतो. साळावला दिवसाला १०० टन क्षमतेने तो गोळा करून फूड आणि कोल्ड्रिंकवाल्यांना देण्याची सोय केलीय. हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर अबू धाबीत, मुसफ्फाहच्या एमिरेट्स स्टीलमध्ये, २०१६ पासून चालू आहे, वर्षाला ८ लाख टन क्षमता, ४३ किलोमीटरची पाइपलाइन आणि शेवटी तेलविहिरीत इंजेक्शन. आता तो सीओटू तेल आणखी बाहेर काढायला वापरतात, त्यामुळे हवामानाचा फायदा किती धरायचा यावर वाद आहे आणि तो वाद योग्यच आहे, पण पकडण्याचं तंत्र म्हणून बघितलं तर स्टीलमधला तो सगळ्यात मोठा चालता नमुना आहे.

ब्लास्ट फर्नेस असेल तर दोन पर्याय. पहिला, बीएफ गॅस जळायच्या आधी त्यातून पकडा. जमशेदपूरला टाटा स्टीलने सप्टेंबर २०२१ मध्ये हेच केलं, दिवसाला ५ टनांचा छोटा अमाइन प्लांट, बीएफ गॅसमधून. फायदा दुहेरी आहे, सीओटू तर मिळतोच पण उरलेला गॅस जास्त दमदार होऊन नेटवर्कला परत जातो. २२ टक्क्यांतला ९० टक्के सीओटू काढला तर ७८० किलोकॅलरीचा गॅस ९८० च्या आसपास जातो. स्टोव्हला डोम टेंपरेचर (वरच्या घुमटाचं तापमान) यावं म्हणून त्यात जो महागडा कोक ओव्हन गॅस मिसळावा लागतो तो वाचतो. शिवाय या गॅसमध्ये ऑक्सिजन नसतो, त्यामुळे अमाइन लवकर खराब होत नाही.

दुसरा पर्याय, बीएफ गॅसवर चालणाऱ्या पॉवर प्लांटच्या चिमणीतून. तिथे सीओ जळून गेलेला असतो म्हणजे दोन्ही निम्मे एकाच ठिकाणी सापडतात, आणि साध्या कोळशाच्या बॉयलरच्या चिमणीत जिथे १२-१४ टक्के सीओटू असतो तिथे या चिमणीत २५ टक्क्यांच्या आसपास असतो. पण प्रेशर शून्य, ऑक्सिजन आहे, सल्फर आहे, म्हणजे अमाइनला त्रास जास्त.

माझं मत विचाराल तर सुरुवात पहिल्या पर्यायाने करा. छोटा स्किड, म्हणजे एका फ्रेमवर बसवलेला तयार प्लांट, लावा, गॅस साइड स्ट्रीममधून घ्या आणि परत मेनमध्ये सोडा, म्हणजे तो ट्रिप झाला तरी फर्नेसला काही फरक पडत नाही.

पायरी ४: स्टीम कुठून आणणार?

इथे बहुतेक प्रोजेक्ट रिपोर्ट हात आखडता घेतात, म्हणून मी सविस्तर लिहितो.

अमाइन प्रोसेस म्हणजे थोडक्यात असं, ४०-५० अंशाला अमाइनचं पाणी वरून सोडायचं, गॅस खालून, सीओटू अमाइनला चिकटतो. मग ते अमाइन दुसऱ्या टॉवरमध्ये, म्हणजे स्ट्रिपरमध्ये, ११०-१२० अंशाला तापवायचं (तापवणारा भाग म्हणजे रीबॉयलर), सीओटू सुटतो, अमाइन थंड करून परत पहिल्या टॉवरला. सगळा खर्च त्या तापवण्यात आहे. जुन्या एमईए नावाच्या अमाइनला एक टन सीओटूमागे साडेतीन ते चार गिगाज्यूल लागतात, नवीन सॉल्व्हंटला तीनच्या आसपास. तीन धरून चालू.

ही स्टीम जर कोळशाच्या बॉयलरमधून काढली तर? ८५ टक्के एफिशियन्सी धरली तर साडेतीन गिगाज्यूलचा कोळसा जळतो, त्यातून ३३५ किलोच्या आसपास सीओटू बाहेर पडतो. वर कॉम्प्रेशन आणि पंपांची वीज, ग्रिडची असेल तर आणखी १०० किलो. म्हणजे एक टन पकडायला आपण ४३५ किलो सोडला. कागदावर एक टन, खरा फायदा साडेपाचशे किलोच्या थोडा वर. हे आकडे मॅनेजमेंटसमोर ठेवायला लाजू नका.

आता सीडीक्यूची स्टीम आठवा. ३७० किलो कोकमागे १८५ किलो स्टीम. ती आधी बॅकप्रेशर टर्बाइनमधून काढा, ३-४ बारला बाहेर येणारी स्टीम रीबॉयलरला द्या. कंडेन्सिंग टर्बाइनपेक्षा वीज कमी मिळते, साधारण निम्म्याहून थोडी जास्त हातात राहते, पण रीबॉयलरची उष्णता कुठलाही नवा कोळसा न जाळता मिळते. १८५ किलो स्टीममध्ये ०.४ गिगाज्यूल, तीनने भागलं तर हॉट मेटलच्या टनामागे १३० किलो सीओटू पकडता येतो. वर्षाला १.३ लाख टन, दिवसाला साडेतीनशे टनांच्या वर. जमशेदपूरच्या ५ टनांसमोर हा आकडा मोठा वाटतो, पण बीएफ गॅसमधल्या ६९० किलोसमोर तो १९ टक्केच आहे, हेही तितकंच खरं. बाकीसाठी सिंटर कूलरची गरम हवा, रीहीटिंग फर्नेसची चिमणी, एलडी कन्व्हर्टरवरच्या हूडची सॅच्युरेटेड स्टीम हे सगळं धुंडाळावं लागतं. हूडची स्टीम पण ब्लोच्या वेळीच येते, मध्ये खंड पडतो, त्यामुळे अॅक्युम्युलेटर (स्टीम साठवायची टाकी) असल्याशिवाय ती रीबॉयलरला जोडू नका, स्ट्रिपरचं टेंपरेचर वरखाली होऊन ऑपरेटरचे हाल होतात. सोलर-विंडची वीज भरपूर असेल तर व्हीपीएसए (प्रेशर वरखाली करून सीओटू शोषायची आणि सोडायची पद्धत) पण बघा, त्याला स्टीम लागत नाही, वीज लागते.

पायरी ५: गॅस साफ करा आणि अमाइन जपा

बीएफ गॅसमध्ये धूळ ५ मिलिग्रॅमच्या खाली पाहिजे, त्याशिवाय सायनाइड, सीओएस (सल्फरचा एक गॅस), थोडं डांबरासारखं काहीतरी असतंच. बारीक धूळ अमाइनमध्ये गेली की फेस होतो, फेस झाला की टॉवरचा डिफरन्शियल प्रेशर चढतो, अमाइन गॅसबरोबर वरून उडून जातं आणि सकाळी टाकीची लेव्हल कमी दिसते. यासाठी लॅबच्या रिपोर्टची वाट बघत बसू नका. काचेच्या बाटलीत लीन (सीओटू सोडून दिलेल्या) अमाइनचा नमुना घ्या, जोरात हलवा आणि ठेवून द्या. फेस काही सेकंदात बसला तर ठीक, तो दाढीच्या साबणासारखा चिकटून राहिला तर कार्बन फिल्टर संपलाय. रंग पण बघा. नवीन अमाइन जवळपास पाण्यासारखं असतं, मग हलकं पिवळं होतं. ते कोऱ्या चहाच्या रंगावर आलं की लोखंड विरघळायला लागलंय, लाइनची जाडी तपासा. मी प्रत्येक शिफ्टची बाटली तारीख टाकून खिडकीत ओळीने ठेवायचो, महिन्याभराची ओळ बघितली की रंग कुठे बदलला ते आलेल्या कोणालाही न सांगता कळायचं.

आणि सीओ. याबद्दल हसण्यावारी नेऊ नका. बीएफ गॅसमध्ये २३ टक्के म्हणजे २,३०,००० पीपीएम सीओ आहे, आणि १२०० पीपीएमलाच माणसाच्या जिवाला धोका असतो, वास नाही, रंग नाही. जून २०१४ मध्ये भिलाईला पाण्याची लाइन गेल्यावर गॅस उलटा आला आणि ६ माणसं गेली, त्यात वरिष्ठ अधिकारी पण होते. कॅप्चर स्किड म्हणजे गॅस लाइनवर नवीन वीस-पंचवीस फ्लँज, नवीन वॉटर सील (पाण्याने गॅस अडवणारी भांडी), नवीन ड्रेन. प्रत्येक ठिकाणी सीओ डिटेक्टर, प्रत्येकाच्या खिशाला मॉनिटर, एकटा माणूस आत नाही, सील पॉटच्या पाण्यासाठी दुसरी स्वतंत्र लाइन. शिवाय पकडलेला सीओटू हवेपेक्षा जड असतो, तो खड्ड्यात, केबल टनेलमध्ये साचतो, म्हणून त्याचे डिटेक्टर खाली, गुडघ्याच्या उंचीवर लावायचे.

पायरी ६: पकडलेल्याचं करायचं काय

टँकरने पाठवायचा असेल तर सुकवून, उणे २० अंशाला आणि २० बारच्या आसपास लिक्विड करावा लागतो. ओलावा राहिला तर साधं स्टील गंजतं. गिऱ्हाईक म्हणजे कोल्ड्रिंक, ड्राय आइस, वेल्डिंग, फायर एक्स्टिंग्विशर. पण प्रमाण लक्षात घ्या, आपल्या प्लांटच्या बीएफ गॅसमधला सगळा सीओटू पकडला तर दिवसाला १८९० टन होतात, २० टनांचे ९५ टँकर, रोज, रविवारसकट. एवढं सोडावॉटर कोणी पीत नाही. आणि बाटली उघडली की तो हवेतच जातो. त्यामुळे विक्री ही पायलटची सोय आहे, उत्तर नाही.

दुसरी वाट म्हणजे गॅसपासून इंधन. बेल्जियममध्ये गेंटला आर्सेलरमित्तलच्या प्लांटमध्ये लँझाटेक कंपनीचे जिवाणू बीएफ गॅसमधला सीओ खाऊन इथेनॉल करतात, २०२३ मध्ये पहिलं इथेनॉल निघालं, क्षमता वर्षाला ८ कोटी लिटर. चीनमध्ये हे २०१८ पासूनच चालू आहे. मला हा मार्ग आवडतो कारण तो त्या दुसऱ्या निम्म्याला, सीओला हात घालतो. पण इथेनॉल गाडीत जळलं की कार्बन बाहेर येतोच, फायदा जेवढं पेट्रोल वाचलं तेवढाच.

कायमचं गाडायचं तर जमिनीखाली. आपल्या महाराष्ट्राला इथे एक खास जागा आहे, ती म्हणजे पायाखालचा काळा कातळ, म्हणजे बेसॉल्ट. आइसलँडमध्ये कार्बफिक्स प्रकल्पाने सीओटू पाण्यात विरघळवून बेसॉल्टमध्ये सोडला आणि ९५ टक्क्यांहून जास्त दोन वर्षांच्या आत दगड झाला, २०१६ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आपला दख्खनचा बेसॉल्ट जवळपास ५ लाख चौरस किलोमीटर पसरलाय. तिकडचा बेसॉल्ट कोवळा आणि सच्छिद्र, आपला साडेसहा कोटी वर्षांचा, भेगांमध्ये जुनी खनिजं भरलेली, त्यामुळे तिकडचं इथे जसंच्या तसं चालेल असं धरू नका, आणि एक टन सीओटूमागे पंचवीसेक टन पाणी लागतं, जे आपल्याकडे आधी प्यायला लागतं. आयआयटी मुंबईत कार्बन कॅप्चरचं राष्ट्रीय केंद्र आहे, तुमच्या प्लांटचा गॅस डेटा घेऊन तिथे बोला, पहिली पायरी नीट केली असेल तर तुमच्याकडे त्यांना देण्यासारखं काहीतरी असेल.

पायरी ७: नोंदी

डिसेंबर २०२४ मध्ये पोलाद मंत्रालयाने ग्रीन स्टीलची व्याख्या ठरवली, एक टन तयार स्टीलमागे सीओटू २.२ टनांच्या खाली असेल तर तीन स्टार, २.० च्या खाली चार, १.६ च्या खाली पाच. युरोपला माल जात असेल तर १ जानेवारी २०२६ पासून सीबॅमचे, म्हणजे आयात मालाच्या कार्बनवरच्या युरोपच्या शुल्काचे, पैसे लागू झालेत. तिकडच्या हिशेबात कायमचा गाडलेला किंवा कायमचा बांधलेला सीओटूच वजा होतो, कोल्ड्रिंकला विकलेला नाही. म्हणून लॉगशीटमध्ये पहिल्या दिवसापासून वेगळे कॉलम ठेवा: किती पकडला, त्यासाठी स्टीम कुठली वापरली, वीज कुठली, आणि तो शेवटी कुठे गेला. टँकरचा आकडा फ्लो मीटरवरून घेऊ नका, वजनकाट्यावरून घ्या, भरलेला आणि रिकामा दोन्ही. आणि त्याच पानावर फ्लेअरचा आकडा तासातासाला लिहा, ज्या रात्री फ्लेअर पेटलाय आणि कॅप्चर स्किड बाहेरच्या स्टीमवर चालू आहे त्या रात्री स्किड बंद करून आधी बॉयलर लाइनवर घ्या.